मुंबईतून शेंगेनचा टुरिस्ट व्हिसा: कुठल्या देशाकडे अर्ज, कागदपत्रं, दिवसांचा हिशेब

कोकमसार

मे महिन्यात शेंगेनचा (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा) बेत आहे. पॅरिस ४ रात्री, स्वित्झर्लंड ५, ॲमस्टरडॅम ३. माणसं चार: नवरा-बायको, सासूबाई (६८) आणि मुलगा (९). राहायला मुलुंड. मुंबईहून ९ मेच्या मध्यरात्रीनंतरचं विमान, म्हणजे पॅरिसला १० मे. परत निघायचं २२ मेला ॲमस्टरडॅमहून.

एजंट म्हणतो, "पॅरिसला उतरताय ना, मग फ्रान्सचाच व्हिसा लागणार." शेजारचे म्हणतात, जिथली अपॉइंटमेंट मिळेल तिथला घ्या, शेवटी शिक्का एकच. इथले जुने धागे वाचले, पण त्यांत फी ८० युरो लिहिली आहे, म्हणजे माहिती शिळी झालेली दिसते. जाणकारांनी नीट सांगावं.

पारसिक_बोगदा

दोघांचंही चूक. अर्ज मुख्य मुक्कामाच्या देशाकडे करायचा, म्हणजे सहलीचा हेतू एकच असेल तर जिथे सगळ्यात जास्त दिवस राहणार तिथे. तुमच्या बेतात स्वित्झर्लंडच्या ५ रात्री आहेत, तेव्हा अर्ज स्वित्झर्लंडकडे. पहिलं पाऊल कुठे पडतं याचा विचार फक्त मुक्काम सारखे निघाले तरच. पॅरिस ४, स्वित्झर्लंड ४, ॲमस्टरडॅम ४ असं असतं तर फ्रान्स बरोबर ठरलं असतं.

स्वित्झर्लंडचा व्हिसा घेऊन पॅरिसला उतरायला कसलीच हरकत नाही. "ज्याचा व्हिसा त्याच देशात आधी उतरा" असा नियम नाही, तरी दर धाग्यात कोणीतरी तो सांगतंच.

"जिथली अपॉइंटमेंट मिळेल तिथला" यात मात्र खरा धोका आहे. एका देशाकडून व्हिसा घ्यायचा आणि सगळा मुक्काम दुसरीकडे करायचा, हे सीमेवरच्या अधिकाऱ्याला हॉटेलची बुकिंगं मागितली की लगेच दिसतं. खोट्या बेतावर घेतलेला व्हिसा जागच्या जागी रद्द करायचा अधिकार त्याला आहे.

शेंगेनमध्ये सध्या २९ देश आहेत. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून आला. रोमानिया आणि बल्गेरियाच्या विमान व सागरी सीमा ३१ मार्च २०२४ ला उघडल्या, जमिनीवरच्या १ जानेवारी २०२५ ला. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलंड, लिख्टेनस्टाइन युरोपीय संघात नसूनही शेंगेनमध्ये आहेत. आयर्लंड आणि सायप्रस संघात असूनही शेंगेनमध्ये नाहीत.

अर्धविराम

फी आणि तारखा माझ्याकडून.

११ जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, सहाच्या आतल्यांना माफ. म्हणजे तुमचे तीन पूर्ण आणि एक अर्धा. पैसे रुपयांत भरायचे, दर वकिलातीने ठरवलेला. वर अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. व्हिसा नाकारला तरी यातलं काही परत मिळत नाही.

अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त ६ महिने आधी आणि कमीत कमी १५ दिवस आधी द्यायचा. तुमच्यासाठी १० नोव्हेंबर ते २५ एप्रिल. निर्णयाला १५ दिवस, पण त्यांना वाटलं तर ४५ पर्यंत नेता येतात. त्यामुळे २५ एप्रिल ही तारीख फक्त कागदावरची. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी अख्खी मुंबई मार्चमध्ये जागी होते, तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीत अर्ज देऊन मोकळं व्हा.

अर्ज घेण्याचं काम बहुतेक देशांनी व्हीएफएस या खासगी कंपनीला दिलंय, स्पेनचं बीएलएस या दुसऱ्या कंपनीकडे आहे. निर्णय वकिलातीचा. केंद्राच्या काउंटरवर "प्रीमियम लाउंज घ्या, एसएमएस घ्या" असं विचारतात. घ्यायचं तर सोयीसाठी घ्या, त्याने व्हिसाची शक्यता तसूभर वाढत नाही. साधी अपॉइंटमेंट विकत देणारा दलाल भेटला तर सरळ नमस्कार करा. रद्द झालेल्या जागा अधूनमधून उघडतात, दिवसातून दोन-तीनदा स्वतः लॉगिन करून बघत राहायचं.

पासपोर्ट: गेल्या १० वर्षांत काढलेला, शेंगेनमधून निघाल्यावर आणखी किमान ३ महिने चालणारा (तुमच्या बाबतीत २२ ऑगस्टपर्यंत), दोन पानं कोरी. लहान मुलांचा पासपोर्ट ५ वर्षांचाच असतो आणि घरोघर तोच विसरला जातो. आजच उघडून बघा.

फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, पार्श्वभूमी फिकट, ६ महिन्यांच्या आतला, चेहरा फोटोच्या ७० ते ८० टक्के. स्टुडिओत नुसतं "व्हिसाचा फोटो" म्हटलंत तर तो अमेरिकेचा दोन इंची चौकोनी काढून हातात देईल. माप सांगा.

बोटांचे ठसे सगळ्यांना केंद्रावर जाऊन द्यावे लागतात, १२ वर्षांखालच्यांना नाहीत. एकदा दिले की ५९ महिने चालतात.

टांकसाळ

आता पैशांची बाजू, कारण फायली इथेच बिघडतात.

"खात्यात किती हवेत?" हा प्रश्न सगळे विचारतात. प्रत्येक देशाने माणशी दररोजची किमान रक्कम ठरवली आहे. फ्रान्समध्ये हॉटेल बुकिंग असेल तर ६५ युरो, नसेल तर १२०. स्वित्झर्लंडमध्ये १०० फ्रँक. चार माणसं, पाच दिवस म्हणजे एकट्या स्वित्झर्लंडचेच २,००० फ्रँक झाले. पण ही किमान रक्कम आहे, एवढी दाखवली की काम झालं असं नव्हे. अधिकारी शिलकीपेक्षा त्या शिलकीचा इतिहास बघतो.

तीन महिन्यांचं स्टेटमेंट घ्या, बँकेचा सही-शिक्का मारून. दरमहा पगार येतोय, हप्ता जातोय, दूधवाल्यापासून विजेच्या बिलापर्यंत खर्च दिसतोय आणि तरी पैसे उरतायत, असं खातं चांगलं. अर्जाच्या आठवडाभर आधी काकांकडून पाच लाख आले आणि बाकी खातं कोरडं, हे वाईट. एफडी मोडून पैसे आले असतील तर एफडी मोडल्याची पावती जोडा, मग तीच नोंद तुमच्या बाजूने बोलते.

दुसरी गोष्ट, आयकर विवरणपत्र. दोन-तीन वर्षांच्या पोचपावत्या लावा. विवरणपत्रात वर्षाचं उत्पन्न पाच लाख आणि चौघांची सहल आठ लाखांची, हे गणित कोणालाही जुळणार नाही. रोखीच्या धंद्यातल्या लोकांना नकार येतो तो बहुधा यामुळे. वर्षानुवर्षं कमी उत्पन्न दाखवायचं आणि व्हिसाच्या वेळी जास्त, हे दोन्ही एकदम जमत नाही.

नोकरदारांसाठी तीन महिन्यांच्या पगारपावत्या, फॉर्म १६ आणि रजेचं पत्र. पत्र कंपनीच्या लेटरहेडवर, त्यात हुद्दा, कधीपासून नोकरीत, रजा कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत आणि सही करणाऱ्याचा फोन-ईमेल. धंदेवाल्यांसाठी गुमास्ता लायसन्स किंवा उद्यम नोंदणी, जीएसटीची विवरणपत्रं, करंट आणि बचत दोन्ही खाती.

सासूबाईंसाठी पेन्शनचं स्टेटमेंट, एफडीच्या पावत्या, फ्लॅट त्यांच्या नावावर असेल तर सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. खर्च मुलगा-सून करणार असतील तर तसं पत्र आणि नात्याचा पुरावा. गृहिणींनी नवऱ्याचे कागद लावून थांबू नये, स्वतःचं खातं छोटं असलं तरी त्याचं स्टेटमेंट लावावं. विवाहाचा दाखला मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर सोबत.

शिवडी_फ्लेमिंगो

टांकसाळ यांच्या रजेच्या तारखांवर पुस्ती. मुंबईहून युरोपची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. घरातून निघायचं ९ मेच्या रात्री, तिकिटावर तारीख १० मे. मग रजा ११ पासून, विमा ९ पासून, कव्हर लेटरमध्ये १०, आणि एजंटाने हॉटेल चुकून ९ मेच्या रात्रीचं बुक केलेलं, असे चार कागद चार तारखा सांगतात. फाइल देण्याआधी एका कोऱ्या कागदावर दिवसवार तक्ता करा: तारीख, रात्र कुठे, हॉटेल, पुढे कशाने जाणार. मग प्रत्येक कागद त्या तक्त्याशी ताडून बघा. याला अर्धा तास लागतो. व्हिसाच्या तयारीत याहून उपयोगाचं काम नाही.

हॉटेलच्या व्हाउचरवर चौघांची नावं हवीत. "१ गेस्ट + ३" चालत नाही. बुकिंग साइटवर नंतर नावं घालता येतात, ती घालून नव्याने प्रिंट काढा.

नावांचाही घोळ असतो. आपल्याकडे पासपोर्टच्या 'गिव्हन नेम'मध्ये वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव धरलेलं असतं, तिकीट काढताना ते गाळलं जातं. पासपोर्टवर आहे तसंच्या तसं लिहा. पॅनवर माहेरचं आडनाव असेल तर अर्जात जन्माच्या वेळच्या आडनावाचा वेगळा रकाना आहे, तिथे ते भरा आणि विवाहाचा दाखला जोडा. तो रकाना रिकामा सोडला तर पॅन आणि पासपोर्ट दोन वेगळ्या बायकांचे वाटतात.

कोकमसार

तक्ता करायला घेतला. विमानाचं तिकीट आधीच पैसे भरून काढायचं का? एजंट माणशी काही रुपयांत "डमी तिकीट" देतो म्हणतो.

मुकादम

सगळेच डमी देतात हो. काही होत नाही.

पारसिक_बोगदा

@मुकादम, असहमत. नियमात पक्कं तिकीट मागितलेलं नाही, परतीच्या प्रवासाचं आरक्षण पुरतं. विमान कंपनीने खरोखर धरून ठेवलेलं आरक्षण असेल तर तो पीएनआर कंपनीच्या साइटवर दिसतो. बऱ्याच डमीत पीएनआर दोन दिवसांत मरतो, काहींत तर तो नुसता कागदावर टाइप केलेला असतो. अधिकाऱ्याने क्रमांक टाकून बघितला आणि काही निघालं नाही, तर मामला अपुऱ्या कागदांवरून खोट्या कागदांवर जातो. नकाराच्या छापील फॉर्मवर त्याचं वेगळं कारण आहे आणि ते पुसायला सगळ्यात अवघड.

त्यापेक्षा थोडे जास्त पैसे भरून रद्द करता येणारं तिकीट काढा. हॉटेलंही तशीच घ्या, मात्र निर्णय हाती येईपर्यंत एकही रद्द करू नका.

अर्धविराम

विमा राहिला. किमान ३०,००० युरोंचं संरक्षण, सगळ्या शेंगेन देशांत चालणारं, पूर्ण मुक्कामाचं. तातडीचे उपचार, हॉस्पिटल आणि मृतदेह किंवा रुग्णाला मायदेशी आणण्याचा खर्च त्यात हवा. आपल्याकडच्या पॉलिसी डॉलरमध्ये असतात, ५०,००० डॉलरची घेतली की भागतं. पॉलिसीवर 'शेंगेन' हा शब्द असेल असं बघा आणि पुढेमागे एक-दोन दिवस जास्तीचे घ्या. विमान रद्द होऊन मुक्काम लांबतोच कधीकधी.

सासूबाईंची पॉलिसी घेताना 'सब-लिमिट' वाचा. साठीच्या पुढच्यांना बऱ्याच स्वस्त पॉलिसींत वर ५०,००० लिहिलेलं असतं आणि आत खोलीभाडं, आयसीयू, शस्त्रक्रिया यांना वेगवेगळ्या छोट्या मर्यादा असतात. व्हिसा त्यावरही मिळेल, पण तिथल्या हॉस्पिटलचं बिल त्यात बसणार नाही.

चिंचबन

धाग्यातच विचारते. आई-बाबा जर्मनीला भावाकडे जाणार आहेत. १ मे ते २० जून राहून परत येतील, आणि गणपतीच्या आधी परत दोन महिने जायचं म्हणतात. मल्टिपल एंट्री मिळाली तर बाहेर पडून पुन्हा आत गेलं की ९० दिवस नव्याने सुरू होतात ना?

टांकसाळ

नाही होत. कुठल्याही दिवशी उभं राहून मागचे १८० दिवस मोजायचे (तो दिवस धरून), त्यात शेंगेनमधले दिवस ९० च्या वर जाता कामा नयेत. आत शिरल्याचा आणि बाहेर पडल्याचा, दोन्ही दिवस पूर्ण धरतात.

तुमचंच उदाहरण घेऊ. मेचे ३१ आणि जूनचे २०, झाले ५१. उरले ३९. समजा १ ऑगस्टला परत गेले, तर ऑगस्टचे ३१ आणि सप्टेंबरचे ८. म्हणजे ८ सप्टेंबरला बाहेर पडायलाच हवं, दोन महिने बसत नाहीत. उलट १ ऑक्टोबरला गेले तर मे-जूनचे दिवस मागून एकेक गळत जातात आणि पूर्ण ९० दिवस राहता येतं. युरोपीय आयोगाच्या साइटवर याचं कॅलक्युलेटर आहे, तारखा त्यात टाकून तपासा.

आणि जर्मनीत भाऊ खर्च उचलणार असेल तर नुसतं आमंत्रणपत्र पुरेसं नाही. तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन त्याने खर्चाची औपचारिक हमी द्यावी लागते, तिचं नाव फेरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग. मूळ प्रत कुरियरने मागवा. फ्रान्समध्ये तोच प्रकार नगरपालिकेकडून होतो.

शिवडी_फ्लेमिंगो

यात पासपोर्टवर लावलेला व्हिसाचा स्टिकर वाचायची गडबड होते. स्टिकरवर तीन गोष्टी असतात: 'पासून-पर्यंत', किती वेळा प्रवेश, आणि मुक्कामाचे दिवस. कोकमसार यांच्या बेतात १० ते २२ मे म्हणजे १३ दिवस. स्टिकरवर १० मे ते ६ जून छापलेलं येऊ शकतं, कारण शेवटी १५ दिवसांची सवलत जोडतात. म्हणून ६ जूनपर्यंत राहता येत नाही. राहायचे दिवस १३ च. ती सवलत सहल पुढे सरकली तर उपयोगी पडावी म्हणून आहे.

पासपोर्ट हातात आल्यावर काउंटर सोडायच्या आत नावाचं स्पेलिंग, पासपोर्ट क्रमांक, तारखा, दिवस बघून घ्या. चूक सापडली तर तेव्हाच लेखी कळवा.

आता पासपोर्टवर शिक्का बघून दिवस मोजायची पद्धतही गेली. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात ईईएस ही संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली, पूर्ण अंमलाची तारीख १० एप्रिल २०२६. आत-बाहेरची वेळ यंत्रात जाते, एक दिवस जास्त राहिलात तरी आपोआप दिसतं. व्हिसावाल्यांचे ठसे आधीच घेतलेले असतात, सीमेवर चेहऱ्याचा फोटो काढतात. पहिल्या नोंदणीला रांग लागते, तेव्हा पॅरिसला उतरून दीड तासात पुढची ट्रेन असं काही आखू नका. ईटीआयएस या ऑनलाइन प्रवास-परवान्याचा आपल्याशी संबंध नाही, तो व्हिसामुक्त देशांच्या लोकांसाठी आहे.

मुकादम

मल्टिपल एंट्रीवरून आठवलं. भारतीयांना आता थेट पाच वर्षांचा देतात म्हणे?

पारसिक_बोगदा

थेट नाही. १८ एप्रिल २०२४ ला भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी वेगळे नियम मंजूर झाले. मागच्या तीन वर्षांत दोन व्हिसा घेऊन ते नीट वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा मल्टिपल, आणि त्यानंतर साधारणपणे पाच वर्षांचा. 'साधारणपणे' हा शब्द नियमातलाच आहे, मागता येतं पण हक्क नाही. पासपोर्टची मुदत थोडी उरली असेल तर व्हिसाही आखूड मिळतो, म्हणून आधी पासपोर्ट नवा करून घ्यावा. जुन्या पासपोर्टवर चालू व्हिसा असेल तर दोन्ही पासपोर्ट घेऊन जायचे.

मल्टिपलसाठी अर्ज करताना विमा पहिल्या सहलीपुरता दाखवला तरी चालतो. पुढच्या प्रत्येक सहलीचा तेव्हा काढायचा.

फलाट_क्रमांक_४

आमच्या बेतात पॅरिसनंतर दोन दिवस लंडन आणि मग ॲमस्टरडॅम आहे. सिंगल एंट्री चालेल?

पारसिक_बोगदा

अजिबात नाही. लंडनची ट्रेन पकडलीत की शेंगेनमधून बाहेर पडलात, सिंगल एंट्री तिथेच संपली. ॲमस्टरडॅमला परत शिरायला दोन किंवा अनेक प्रवेशांचा व्हिसा हवा. अर्जात तसं मागा आणि तक्त्यात लंडनचे दिवस दाखवा. ब्रिटनचा व्हिसा वेगळा, तो आधी काढून ठेवलात तर शेंगेनची फाइलही पटण्यासारखी होते.

चिंचबन

आणि नकार आलाच तर?

टांकसाळ

कारणं छापील फॉर्मवर खुणा करून देतात. मुक्कामाचा हेतू आणि तपशील पटले नाहीत, पुरेसे पैसे दिसले नाहीत, मुदतीत परत याल याची खात्री वाटली नाही, ही नेहमीची तीन. तिसरं कारण बघून लोक हबकतात, पण त्यावर उपाय कागदांचाच: नोकरी, घर, शिकणारी मुलं, इथे परत येण्याचं काय कारण आहे ते.

नकाराची नोंद सामाईक यंत्रणेत राहते, सगळ्या शेंगेन देशांना दिसते. त्यामुळे स्वित्झर्लंडने नाकारलं म्हणून तीच फाइल पुढच्या सोमवारी इटलीला देणं म्हणजे फी फुकट. दाद मागायची सोय त्या त्या देशाच्या कायद्याप्रमाणे असते, मुदत फॉर्मवरच लिहिलेली असते. जर्मनीने वकिलातीकडे लेखी फेरविचार मागायची सोय १ जुलै २०२५ पासून बंद केली. आता तिथे कोर्ट किंवा नवा अर्ज. नव्या अर्जात जुन्या नकाराचं कारण कव्हर लेटरमध्ये पहिल्याच परिच्छेदात घ्या आणि त्याला उत्तर देणारा कागद जोडा.

कोकमसार

सगळ्यांचे आभार. अर्ज स्वित्झर्लंडकडे, तक्ता तयार, रजेचं पत्र बदलून मागितलंय. शेवटचं अवांतर: सासूबाई पॅरिसमधल्या भाचीसाठी एक डझन हापूस आणि घरचं तूप न्यायचं म्हणतायत.

शिवडी_फ्लेमिंगो

दोन्ही नाही. मांस आणि दुधाचे पदार्थ बाहेरून नेता येत नाहीत. तूप, श्रीखंड, पनीर, खवा सगळं त्यात आलं. ताज्या फळांना वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं, सूट पाचच फळांना: अननस, नारळ, केळं, खजूर, ड्युरियन. आंबा त्यात नाही. फळमाशीमुळे १ मे २०१४ पासून युरोपने आपल्या आंब्याची आयातच बंद केली होती, ती २०१५ मध्ये उठली, पण ती पेट्या तपासून पाठवणाऱ्या निर्यातदारांसाठी. सामानातल्या डझनाला कोणी प्रमाणपत्र देत नाही.

सुके बोंबील मात्र चालतील. मासळीला माणशी २० किलोंपर्यंत मुभा आहे. फक्त घट्ट बांधा, विमानात इतरही माणसं असतात.

कोकमसार

सासूबाई शाकाहारी आहेत. नारळ नेतो.